डोळ्यावरची पिवळी खूण

माझ्या माहेरी डोळ्याच्या कोपऱ्यावर पिवळसर चकती असली, की ती घराण्याची खूण समजत. वडिलांना होती, धाकट्या भावाला होती, मला आहे. थोरल्या चुलत्यांना नव्हती, म्हणून आजी त्यांना ‘तू सापडलेला’ म्हणून चिडवायची. कोरेगावात लग्नाच्या पंगतीत बायका माझी खूण बघून मला ओळखायच्या आणि मी खुशाल मिरवायचे. ती कातडीखाली साठलेली चरबी आहे, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. तोवर वडील गेले होते आणि बेचाळीस वर्षांचा काटक भाऊ विट्याच्या एसटीत बसल्या जागी गेला होता.

मिरजेच्या डॉक्टरांनी माझं आणि मुलाचं रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल बेसुमार वाढवणारा दोष आम्हा दोघांच्या जनुकातच निघाला. रोज गोळी, जन्मभर. घेऊ म्हटलं. मग त्यांनी सहज विचारलं, मुलाचं लग्न ठरलंय का?

ठरलं होतं, भावाच्या मुलीशी. भाऊ गेला तेव्हा मीच वहिनीला शब्द दिला होता. आमच्याकडे मामाच्या मुलीवर पहिला हक्क आत्याच्या मुलाचा, त्यात विचारायचं काय? भाचीलाही मिरजेला नेलं. तिच्यातही तेच. डॉक्टर म्हणाले, दोघांकडून दोष उतरला तर लेकराला शाळेच्या वयातच हृदयविकार गाठू शकतो.

सुपारीच्या बैठकीत भरल्या भावकीसमोर मी लग्न मोडलं. मुलगा मान खाली घालून बसला. वहिनी म्हणाली, पोरगी नको होती तर रोगाचं निमित्त कशाला. थोरले चुलते म्हणाले, “देवाच्या मनात आसंल तसं हुईल. मेलेल्या भावामागं दिलेला शब्द मोडू नगंस.”

माझं डोकं फिरलं. “आवं आण्णा, तुमच्या डोळ्यावर ती खूण न्हाई, म्हणून तुमी ऐंशीचं झालाय. माझ्या भावाला तिनं कुठं होऊ दिलं?”

त्या दिवसापासून माहेर बंद. दर महिन्याला मी भाचीच्या गोळ्या घेऊन जाते. वहिनी दारातच पुडी घेते, आत या म्हणत नाही. न म्हणू दे. मला भावाची लेक त्रेचाळीस वर्षांची झालेली बघायची आहे. अजून वीस वर्षं आहेत त्याला, म्हणून माझीही गोळी मी चुकवत नाही.