बारा पावलांवरचा संन्यास

संसाराचा त्याग करणारी माणसं या देशात पुष्कळ होऊन गेली असतील; पण एकाच बायकोच्या एकाच संसाराचा सात वेळा त्याग करणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच आहे. तो माझा सासरा आहे, हे मी महाडच्या कुठल्याही चौकात उभा राहून छाती पुढे काढून सांगायला तयार आहे. मी त्यांना मामा म्हणतो. सारं गाव लाइनमन म्हणतं, कारण तीस-बत्तीस वर्षं त्यांनी वीज खात्यात तेच काम केलं. वरंधच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीत त्यांचं गाव आहे. वरच्या वाड्यांना पहिल्यांदा वीज गेली तेव्हा खांब ओढायला आणि तारा वाहायला ते होते, आणि पुढे प्रत्येक पावसाळ्यात पडलेले तेच खांब पुन्हा उभे करायलाही तेच होते. निवृत्त झाल्यावर असा माणूस अंगणात खाट टाकून आराम करतो. मामांनी मात्र महिन्याभरात जाहीर केलं की आपलं देहाचं काम संपलं, आता आत्म्याचं बघायचं.

पहिला त्याग चहाचा होता. चहा सोडला म्हणजे आपल्या घरचा सोडला. दुसऱ्याच्या घरी कुणी आग्रहानं पुढे केला, तर त्याचं मन मोडणं ही हिंसा होते, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे चहा सोडल्यापासून ते दिवसातून पाच वेळा चहा पिऊ लागले. मग पायताण सोडलं, ते बाभळीचा काटा रुतेपर्यंत. मग राग सोडला. तो सोडल्याचं सासूबाईंना सलग तीन दिवस इतक्या वेळा सांगितलं की शेवटी राग त्यांना आला. चौथ्या खेपेला त्यांनी घरच सोडलं आणि मागच्या गोठ्यात राहायला गेले. म्हैस विकल्यापासून गोठा रिकामाच होता. स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून तो बरोबर बारा पावलांवर आहे. मी मोजलेली आहेत. गोठा त्यांनी स्वतःच्या हातानं शेणानं सारवला, एक दिवा टांगला, आणि अंगावर भगवं हवं म्हणून खात्याचे जुने खाकी कपडे बादलीत भगव्या रंगात बुडवले. खाकीवर भगवा चढला तो काही संतांच्या अंगावर शोभेल असा चढला नाही. पान खाऊन कुणी अंगावर थुंकावं तसा तो दिसत होता. शिवाय त्याच बादलीत नंतर सासूबाईंनी माझा पांढरा सदरा भिजवला. मी महाडच्या एका शाळेत लिपिक आहे. पुढचं वर्षभर मी तो सदरा घालून हजेरीपट लिहीत होतो आणि मुख्याध्यापक मला विचारत होते, दीक्षा कधी घेतली.

पाचव्या खेपेला त्यांनी घरात वाढलेलं ताट सोडलं, कारण संन्याशानं भिक्षा मागून खावं असा नियम असल्याचं त्यांनी कुठल्याशा कीर्तनात ऐकलं होतं. पहिल्या दिवशी ते हातात ताट घेऊन बारा पावलं चालून आले आणि मागच्या दारात उभे राहून म्हणाले, "माय, भिक्षा वाढ."

सासूबाई चुलीपुढून न उठता म्हणाल्या, "माय कुणाला म्हणता?"

"संन्याशाला सगळ्या बायका माय."

"बरं बाबा, थांब. सुकट भाजते हाय."

"संन्याशाला सुकट चालत नाय."

"मग पुढच्या घरी बघा," असं म्हणून सासूबाईंनी वास दाराकडे जाईल अशा बेतानं तव्यावरची सुकट हलवली. मामा थोडा वेळ उभे राहिले. मग ताट पुढे करून म्हणाले, "भिक्षेत जे येईल ते नाकारू नये, असाबी नियम हाय."

सहाव्या खेपेला मात्र ते खरोखरच गेले. पोलादपूरच्या वर डोंगरात, नदीकाठी एक मठ आहे, तिथं कायमचं राहायचं म्हणून सगळ्यांच्या पाया पडून, सगळ्यांना पाया पडू देऊन निघाले. माझी बायको दोन दिवस जेवली नाही. नवव्या दिवशी सकाळी मामा एसटीतून उतरले आणि काही न बोलता गोठ्यात जाऊन बसले. मी फार आदरानं विचारलं, तेव्हा म्हणाले, "जावयबापू, नऊ दिवसांत तिथं मला आत्म्याचं कुणी विचारलं नाय. इन्व्हर्टर कुठला घ्यावा, ते सगळ्यांनी विचारलं. सगळ्या मठाची वायरिंग करून आलो."

असं असलं तरी माणसं मात्र मार्गदर्शनाला त्यांच्याकडेच यायची. आत्मा म्हणजे काय, हे ते लाइनमनच्या भाषेत सांगायचे. बल्ब गेला म्हणजे करंट गेला काय? नाय. बल्ब म्हणजे देह, करंट म्हणजे आत्मा. दुसरा बल्ब लाव, पुन्हा उजेड. ऐकणाऱ्याला ते लगेच पटायचं. न पटणारे एकच होते, नाते गावचे एक निवृत्त गुरुजी. हे गुरुजी बौद्ध, मामांचे चाळीस वर्षांचे स्नेही. दर रविवारी ते स्कूटरवरून यायचे, "जय भीम" म्हणून खाटेवर बसायचे आणि सांगायचे, "लाइनमन, आत्मा वगैरे काही नाही. वात आहे, तेल आहे, म्हणून ज्योत आहे." मामा म्हणायचे, "तुमच्या गावाला अजून रॉकेलच हाय वाटतं." हा वाद दर रविवारी जेवणाच्या वेळेपर्यंत चालायचा आणि जेवायला बसल्यावर कोलंबीच्या कालवणावर दोघांचं पूर्ण एकमत व्हायचं.

आणि मार्गदर्शन म्हणून ते जे सांगायचे त्यात आत्मा थोडा आणि काम फार असायचं. मुंबईहून सुट्टीला आलेला एक तरुण म्हणाला, "मामा, लय टेन्शन आहे, मेडिटेशनची काहीतरी टेक्निक सांगा." मामांनी त्याला आठवडाभर आईच्या ऐवजी विहिरीवरून पाणी आणायला लावलं. म्हणाले, "डोक्यावर भरलेला हंडा असला का मन इकडंतिकडं जात नाय." दासगावचा एक माणूस बांधावरून भावाशी भांडून आला होता, मनाला शांती नाही म्हणत होता. त्याला त्यांनी भावाच्या म्हशीला चार दिवस नदीवर नेऊन पाणी पाजायला सांगितलं. पाचव्या दिवशी भाऊच मामांकडे आला आणि विचारू लागला, ह्याला तुम्ही काय खायला घातलंत.

हे सगळं मी हसत हसत सांगत आलो. आता जे सांगायचं आहे त्याच्यासाठी मला जरा सावरून बसलं पाहिजे.

वरच्या वाडीत सुमन नावाची एक सूनबाई होती. तिचा नवरा टेम्पो चालवायचा, भोरला भाजी पोचवून यायचा. एका चैत्रात वरंध घाटात त्याचा टेम्पो दरीत गेला. लग्नाला पुरती तीन वर्षंही झाली नव्हती. त्या दिवसापासून सुमन बोलायची बंद झाली. कुणी घास तोंडाशी नेला तर तो तोंडातच राहायचा. डॉक्टर झाले, माहेरची माणसं येऊन गेली. तेराव्यानंतरही दोन आठवडे उलटले, तेव्हा तिची म्हातारी सासू डोंगर उतरून मामांच्या गोठ्यात आली आणि जमिनीवर बसून म्हणाली, "बाबा, तुमी सगळ्या जगाला सांगता. माझ्या पोरीलाबी काय तं सांगा. माझा लेक गेला, आता ही चालली."

शाळेला सुट्टी होती म्हणून मी गावातच होतो. मामांबरोबर मीही वर गेलो. ओटीवर वाडीतली पंधरा-वीस माणसं जमली होती. सुमन खांबाला टेकून बसली होती, डोळे उघडे, पण समोर कुणी आलं-गेलं याची तिला शुद्ध नव्हती. सगळे मामांच्या तोंडाकडे बघत होते. एकजण म्हणाला, "सांगा मामा, ते बल्बाचं सांगा." मामांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. मग उठले, तिच्या सासूला हात जोडले आणि खाली उतरू लागले.

अर्ध्या वाटेवर मी विचारलं, "मामा, आज काहीच बोलला नाहीत."

ते थांबले. म्हणाले, "काय बोलू? तिचा बल्ब गेला नाय, जावयबापू. तिचा माणूस गेलाय."

मला वाटलं, आता हा माणूस मार्गदर्शन कायमचं सोडणार. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सातव्यांदा संसाराचा त्याग केला. सासूबाईंना सांगितलं, आजपासून भिक्षासुद्धा नको, मी माझ्या हातानं रांधून खाणार. तांदळाच्या पिठाची पिशवी माझ्या हातात दिली, आणि आम्ही पुन्हा डोंगर चढलो. सुमनच्या सासूला म्हणाले, "गोठ्यात चूल पेटत नाय, धूर होतो. तुमच्या चुलीवर माझ्यापुरती भाकरी करू द्या."

त्या दिवशी त्यांनी जे केलं तसलं मी कुठल्याही स्वयंपाकघरात पाहिलेलं नाही. तांदळाच्या पिठात त्यांनी गार पाणी ओतलं. त्याचा कधी चिखल झाला, कधी भुगा झाला. थापायला घेतलेली भाकरी परातीतच चार ठिकाणी फाटली, ती तव्यावर गेली ती तुकड्यांनी. बोटं भाजली, ती तोंडात घालून ते बसले. शेवटी अर्धी करपलेली आणि अर्धी कच्ची अशी एक वस्तू त्यांनी मिठाशी खाल्ली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी वाडीतल्या बायका दारातून बघायला जमल्या आणि पदर तोंडाला लावून हसू लागल्या. बातमी खाली गावात आली, तिथून एसटीनं पोलादपूरला गेली, की लाइनमननं सात वेळा संन्यास घेतला पण त्याला भाकरी येत नाही. मला तर तोंड लपवावंसं वाटत होतं.

चौथ्या दिवशी मामा पिठात गार पाणी ओततच होते, तेवढ्यात खांबाकडून घोगरा, गंजल्यासारखा आवाज आला.

"उकड काढल्याबिगर तांदळाची भाकरी होते काय?"

सुमनच्या सासूच्या हातातलं लाकूड तिथंच राहिलं. मामांनी मात्र मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "मला काय ठाव गो," ते म्हणाले, "मी संन्यासी माणूस."

सुमन उठली. भिंतीला धरत धरत चुलीपाशी आली, त्यांना हातानं बाजूला सारलं, पाणी उकळायला ठेवलं, मीठ घातलं, पीठ वैरलं आणि झाकण ठेवलं. मग परात पुढ्यात ओढून भाकरी थापली. भाकरी गोल आली आणि निखाऱ्यावर टम्म फुगली. मामांनी ती ताटात घेतली, तिचे दोन भाग केले आणि एक तिच्यापुढे ठेवला.

"संन्याशानं एकट्यानं जेवू नये, पाप लागतं."

"असं कुठं लिवलंय?"

"आत्ताच ठरवलं."

तिनं चतकोर भाकरी खाल्ली. मग तिला रडू कोसळलं, नवरा गेल्यापासून पहिल्यांदा. सासूनं तिला कवेत घेतलं. मामा मला म्हणाले, "चला, आपलं हितं काम नाय," आणि आम्ही बाहेर येऊन फणसाच्या सावलीत बसलो.

पुढे महिनाभर ते रोज वर जात होते आणि सुमनकडून भाकरी शिकत होते. त्यांना ती महिनाभरात आली नाही. ती रोज त्यांच्यावर रागावायची, रोज थोडं जास्त बोलायची, आणि रोज थोडं जास्त जेवायची.

एका दुपारी मी सासूबाईंपाशी हसून म्हणालो, "मामांना खांबावर चढता आलं, पण एवढ्या वर्षांत भाकरी काही जमली नाही."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तुमच्या बायकोच्या वेळी मी बाळंतपणात उठू शकत नव्हते. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. दीड महिना ह्याच माणसानं उकड काढून भाकऱ्या केल्या, आणि मग खांबावर चढायला गेला. माझ्यापेक्षा पातळ थापतो." मग सुपातला एक खडा बाहेर टाकून त्या म्हणाल्या, "कुणाला सांगू नका. त्यांनी मलाबी सांगितलं नव्हतं, पिठाची पिशवी नेली तवाच मी वळखलं."

संध्याकाळी मी मामांना विचारलं, तुम्हाला भाकरी येते म्हणे. ते सरळ चेहऱ्यानं म्हणाले, "येत होती. हल्ली विसरलो." गुरुजींनी रविवारी त्यांना भाकरीवरून यथेच्छ चिडवलं, गावानं चिडवलं, पोरासोरांनीसुद्धा चिडवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कुणालाही खरं सांगितलं नाही. चहा, पायताण, राग, घर यांतलं काहीच त्यांना धड सोडता आलं नव्हतं. पण आपल्याला चारचौघांनी काय म्हणावं, याची फिकीर त्यांनी किती सहज टाकली होती, ते त्या दिवशी मला दिसलं. आज इतक्या वर्षांनी मी सासूबाईंचा शब्द मोडून हे लिहितो आहे, कारण अशा माणसाचा जावई असणं ही गोष्ट मला एकट्याला पोटात ठेवता येत नाही.

सुमन आता पोलादपूरला हायवेवरच्या एका खाणावळीत स्वयंपाक बघते. तिच्या हाताखाली दोन बायका आहेत. तिनं पुन्हा लग्न केलं नाही, सासूला मात्र बरोबर नेलं. मी तिकडून गेलो की थांबतो. पैसे ती घेत नाही, म्हणून मी मुद्दाम आधीच पोट भरून जातो आणि नुसता नमस्कार करून येतो.

मामांचे गुडघे गेलेत. गोठ्यापर्यंतची बारा पावलंसुद्धा आता त्यांना लांब वाटतात, म्हणून ते ओटीवरच असतात. मागच्या दिवाळीत आम्ही दोघं उन्हात बसलो होतो. अंगणात नवं भात वाळत घातलं होतं आणि सासूबाई पायानं ते सारखं करत होत्या. मी धीर करून विचारलं, "मामा, पुढच्याची भीती वाटते का?"

त्यांनी ओटीवर उडालेले भाताचे दोन दाणे उचलून अंगणात टाकले. मग म्हणाले, "भीती नाय वाटत. पण हितलं सगळं लय आवडलं, जावयबापू. तेवढं काय सोडता आलं नाय."

तेवढ्यात परड्यातल्या कोंबड्या भाताकडे वळल्या, तसे ते गुडघ्यांवर हात टेकून सावकाश उठले आणि त्यांना हाकलायला गेले.