स्वादुपिंड शिवलं, पण लिहिलं का?

कुठल्याही ऑफिसात चार-पाच वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण टाकवतही नाहीत. आमचं बेलापूरचं ऑफिस तर त्यासाठीच उघडलं होतं की काय, असं मला कधीकधी वाटतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. अमेरिकेतले सर्जन ऑपरेशन झालं की काय काय केलं ते टेपवर बोलायचे आणि त्याचं टाइप केलेलं टिपण आमच्याकडे यायचं. त्यातल्या दुखापतीला आणि ऑपरेशनला ठरलेला नंबर, म्हणजे कोड, आम्ही द्यायचा. त्यावर तिकडे बिल बनायचं. सर्जरीच्या टेबलावर आम्ही तिघं: मी, शेजारच्या दिवाळे गावचा रवी कोळी आणि आमचे साहेब देशपांडे सर. ऑपरेशन थिएटर आतून फक्त मी पाहिलेलं, तेही बाळंतपणात. तेव्हा माझं लक्ष नव्हतं.

*

देशपांडे सरांचा एकच नियम. टिपणात लिहिलं नाही, म्हणजे झालं नाही. सर्जनने शिवलं असेल, आपल्याला ते स्वच्छ दिसत असेल, तरी लिहिलं नसेल तर कोड द्यायचा नाही. हा धंद्याचाच नियम आहे, पण सर तो घरीसुद्धा न्यायचे.

एकदा त्यांच्या मिसेसचा फोन आला. नारळ आणायला सांगितला होता, आणला नाही. सर म्हणाले, "सांगितलंस, पण लिहून कुठे दिलंस?"

दुसऱ्या दिवशी लंचला सरांनी डबा उघडला. चारही पुडे रिकामे, धुऊन पुसून ठेवलेले. वरच्या पुड्यात चिठ्ठी: "पोळी, भेंडीची भाजी, वरण, भात."

सर चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवत उठले आणि खाली उडप्याकडे गेले.

*

मग आमच्याकडे स्वादुपिंडाच्या दुखापतींचा लॉट आला. पोटात मागच्या बाजूला दडलेलं असतं ते. रवी म्हणाला, "मॅडम, वस्तू एकदा बघितल्याशिवाय डोक्यात नाय बसत." झूलॉजीवाली म्हणून मी जबाबदार.

दुसऱ्या दिवशी तो आईच्या पाटीतला हा एवढा मासा घेऊन आला. पँट्रीत पेपर पसरून मी तो कापला आणि शोधत बसले. माशात ते वेगळं असं दिसतच नाही, हे कॉलेजात शिकलेलं मला मासा कापून झाल्यावर आठवलं. सर नाकाला रुमाल लावून दारात उभे. शेवटी म्हणाले, "सापडलं नाही, असं लिहा."

मासा रवीने घरी नेला. वास आमच्याकडेच राहिला.

*

त्याच लॉटमध्ये एका सर्जनने पोट उघडल्याचं लिहिलं, स्वादुपिंड फाटल्याचं लिहिलं, पोट बंद केल्याचंही लिहिलं. मधे शिवल्याचा पत्ताच नाही.

रवी वैतागला. "सर, शिवलंच असणार ना? फाटकं ठेवून कोन पोट बंद करतंय?"

"लिहिलंय का?"

नाही. मग सरांनी त्या सर्जनला रीतसर प्रश्न पाठवला: आपण शिवलंत का? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्याचा अर्थ असा: "शिवलं. लिहायला विसरलो. प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांच्या पत्नीला माझा नमस्कार सांगा."

सरांनी तो घरी सांगितला की नाही, ते कळलं नाही.

*

हसत होतो, पण ती टिपणं वाचून वाचून मी मनातून धसकले होते. बहुतेकांची सुरुवात सारखीच. सायकलचं हँडल नाहीतर गाडीचं स्टिअरिंग पोटात बसलं. बाहेर धड खरचटलेलंही नाही. माणूस म्हणतो मी ठीक आहे, घरी जातो, आणि दुसऱ्या दिवशी मरणाच्या दारात परत येतो.

मी नेरूळला घरी गेले आणि मुलाच्या सायकलच्या हँडलला जुनी उशी फाडून बांधली. सोसायटीतली पोरं त्याला 'गादीवाला' म्हणायला लागली. म्हणू देत. उशी मी काढली नाही.

*

आणि मग तो सोमवार. चहा घेताना रवी म्हणाला, "आमचे ट्रकवाले भाऊजी काल कळंबोलीला ठोकले. पुढच्या ट्रकने ब्रेक मारला. बाकी काय नाय, स्टिअरिंग बसलं पोटात. डॉक्टर म्हनला अॅडमिट व्हा, तर हे पळून आले. गाडीत लोखंड भरलंय म्हने."

सरांनी कप खाली ठेवला. पुढची ओळ आम्हा तिघांना पाठ होती.

"पोट दुखतंय का त्यांचं?" सरांनी विचारलं.

"ताई बोलली, सकाळपासून जरा दुकतंय."

कामाच्या वेळेत सर कधी ऑफिस सोडत नसत. त्या दिवशी आमच्या आधी तेच रिक्षात बसले.

भाऊजी कळंबोलीत गाडीच्या सावलीला बसले होते. चेहरा पांढराफटक, हात पोटावर. "ही कोन मानसं रे रव्या? मला काय नाय झालं. माल पोचवून जातो मी डाक्तरकडं."

रवीची ताई शेजारीच उभी होती. "सकाळधरनं सांगतेय, ऐकत नाय," म्हणाली.

सर त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "माझ्याकडे तुमच्यासारख्या पुष्कळ जणांचे कागद आलेत," ते म्हणाले. "मला काय झालंय, असंच सगळे म्हणाले होते. जे लगेच हॉस्पिटलात परत गेले, ते घरी आले."

"आन् बाकीचे?"

सरांनी रिक्षा जवळ बोलावली. ताईने नवऱ्याचा दंड धरला आणि उठवलं.

हॉस्पिटलात खिडकीवरच्या क्लार्कने विचारलं, "पेशंटला काय झालंय?" आम्ही तिघंही एका सुरात कोडच बोललो, "एट सिक्स थ्री पॉइंट एट फोर."

क्लार्क म्हणाला, "गाडीचा नंबर नंतर. आधी नाव सांगा."

दुपारी भाऊजींना आत घेतलं. आम्ही बाकावर. रवी सारखा उठत होता, बसत होता. ताई भिंतीला टेकून, डोळे त्या दरवाजावर. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. रोज आम्ही जे वाचायचो, ते आत चाललं होतं आणि आम्हाला काही दिसत नव्हतं.

संध्याकाळी सर्जन बाहेर आले. "स्वादुपिंड फाटलं होतं. शिवलंय. वेळेवर आणलंत, आता काळजी नाही," म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

ताईचा विश्वास बसेना. डॉक्टर तिच्या ओळखीचे नव्हते. पण सरांबद्दल रवीने तिला इतकं सांगितलेलं, की ती त्यांच्याकडे वळली. "साहेब, तुमी सांगा. शिवलं ना खरंच?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. "शिवलं, ताई. झालं सगळं नीट."

रवी हळूच म्हणाला, "सर, डॉक्टरांनी अजून लिहिलं नाय."

"कोळी," सर म्हणाले, "तू गप बस."