गोटीराम बर्फवाल्याचा घाट

“चढाला घाई दाखवायची नाय. चढ वळख ठेवतो.”

गोटीराम बर्फवाला हे दिवसातून दहा वेळा म्हणायचा. बिडी पेटवताना म्हणायचा, गोळ्यावर रंग ओतताना म्हणायचा, आणि ऐकायला कुणी नसलं तर समोरच्या डोंगराकडे बघून म्हणायचा. सुरगाण्याकडच्या वाटेवर बोरखिंडीचा घाट लागतो. सात किलोमीटरांचा, सात वळणांचा. त्या घाटाने या माणसाचं सगळं आयुष्य पाहिलं होतं. विशी ओलांडल्यापासून दर उन्हाळ्यात तो सायकलच्या कॅरिअरला लाकडी पेटी बांधायचा, वणीहून पहिल्या जीपने आलेली बर्फाची लादी भुशात आणि गोणपाटात गुंडाळून आत ठेवायचा आणि वरच्या पाड्यांवर गोळे विकायला चढायचा. फार सावकाश चढलं तर बर्फाचं पाणी व्हायचं. फार जोरात चढलं तर अर्ध्या घाटात छाती भरून यायची, आणि सावलीला बसून दम घेईपर्यंतही बर्फाचं पाणीच व्हायचं. या दोन्हींच्या मधे एकच वेग होता, आणि तो गोटीरामच्या पायांना ठाऊक होता.

आता त्याने धंदा सोडला होता. तरी हर्षाली त्याच्याकडे आली ती त्या वेगासाठी. देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत ती खेळाची शिक्षिका. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी याच घाटात टाइम ट्रायल होणार होती. त्यात एकेकीला एकेका मिनिटाने सोडतात. शेजारी कुणी नसतं, झुंज घड्याळाशी. पहिल्या तिघींना राज्याच्या संघात जागा मिळणार होती. गेल्या वर्षी हर्षाली चौथी आली होती. तिची खोड एकच. पुढे कुणाची पाठ दिसली की तिचे पाय तिचं ऐकत नसत. पहिले तीन किलोमीटर ती जीव तोडून पायडल मारायची आणि मग पाचव्या वळणावर तिच्या मांड्यांचे दगड व्हायचे. यंदा जागा मिळाली नाही तर सायकल विकून टाकणार, असं तिने आईला सांगितलंही होतं.

गोटीरामने तिची सायकल एका हाताने उचलून पाहिली.

“एवढीशी? ही वाऱ्याने उडंल की, मास्तरीणबाई.”

“उडू दे ना, बाबा. वर लवकर पोचेल.”

“सायकल पोचंल. तू खालीच ऱ्हाशील.”

मग त्याने स्वतःची काळी, जड सायकल बाहेर काढली, पेटीत पाच किलोची लादी ठेवली, सायकल तिच्या हाती दिली आणि म्हणाला, “सातव्या वळणावर लताबाईचं चहाचं दुकान हाय. तिला पेटी उघडून दाव. किती उरला ते तीच सांगंल.”

पहिल्या दिवशी लताबाईने पेटीत डोकावून कपाळाला हात लावला. “हे गोटीरामने पाणी धाडलंय का बर्फ?” हर्षाली पाचव्या वळणावर पंधरा मिनिटं आडवी पडली होती. दुसऱ्या दिवशी मुठीएवढा तुकडा उरला. रोज शाळेत जायच्या आधी येणं जमेना, तेव्हा तिने सुट्टी काढली आणि खालच्या गावात खोली घेतली. आठव्या दिवशी पेटीत विटेएवढा बर्फ शिल्लक होता.

त्याच दिवशी तिला ते थेंब दिसले.

सकाळचे नऊ वाजले होते. रस्ता कोरडा होता. आपल्या पेटीतून गळणारं पाणी मागे पडतं, हे तिला माहीत होतं. हे थेंब पुढे होते. डांबरावर हात-हात अंतराने पडलेले, काळे, ओले. एप्रिलच्या उन्हात थेंब बघता बघता सुकतो. म्हणजे ज्याचे ते होते तो दहा-वीस पावलांवर असायला हवा होता. वळणापर्यंतचा रस्ता तिला पूर्ण दिसत होता, आणि त्यावर कुणीही नव्हतं. दरीतल्या पाखरांचा आवाज केव्हा थांबला तेही तिच्या ध्यानात आलं नाही. ती पायडल मारत राहिली. तिचा श्वास त्या थेंबांच्या चालीला लागला होता, आणि इतका शांत श्वास तिला या घाटात कधी लागला नव्हता. पाचव्या वळणाच्या कठड्यापाशी थेंब संपले.

“आज दुसरा कुणी बर्फ घेऊन वर आला का?” तिने लताबाईला विचारलं.

“गोटीरामने सोडल्यापासून या घाटात कुणी बर्फ आणला नाही, ताई,” लताबाई म्हणाली, आणि दुकानात कुणी नसतानाही उगाच कप विसळायला लागली.

खाली येऊन हर्षालीने गोटीरामला सांगितलं. तो दचकला नाही. त्याने एवढंच विचारलं, “केवढ्या अंतरावर पडत व्हते?”

“हातभर.”

“मंग आज शांत व्हता.”

“कोण, बाबा?”

गोटीराम बराच वेळ चाकाच्या तारांवरून बोट फिरवत बसला. मग त्याने यादवचं सांगितलं. यादव त्याचा धाकटा भाऊ. दोघं दोन पेट्या घेऊन एकाच घाटात चढायचे. सत्तावीस वर्षांपूर्वी बाजाराच्या दिवशी गोटीराम त्याला चिडवून म्हणाला होता, “तू वर येशील तवर माझी पेटी रिकामी झालेली असंल.” यादव हसला आणि पुढे सुटला. गोटीराम आपल्या चालीने मागून निघाला.

“तिसऱ्या वळणापातुर थेंब हातभर व्हते. चौथ्यापासून दोन हात झाले. मंग पुरुषभर. थेंब लांब पडाय लागले म्हंजी माणूस पळतोय, मला कळत व्हतं. हाक मारली नाय मी. म्हनलं, दमू दे जरा. पाचव्या वळणाला कठड्याला टेकून बसलेला. वाटावं दम खातोय. पन श्वास नव्हता. पेटीतला बर्फ तसाच व्हता, मास्तरीणबाई. कडक.”

हर्षालीने पेटीचं उघडं झाकण हळूच लावलं.

“तवापासून अधनंमधनं दिसत्यात. चौथ्या वळणाला लांबाय लागले की मी बी मागं पळायचो, गाठाया. दर खेपेला. मला एकदा बी सोडता आलं नाय. एक दिवस तिथंच पडलो, लोकांनी उचलून आणला. मंग धंदा बंद केला.”

त्या रात्री हर्षालीने पिशवी भरून ठेवली होती. सकाळी ती पुन्हा रिकामी केली. भीती वाटत होती, पण त्या शांत श्वासाची चटक तिला लागली होती.

शर्यतीच्या रविवारी घाट वाहनांना बंद होता. गोटीराम आयोजकांच्या जीपमधून आधीच वर गेला होता. हर्षालीच्या आधीची मुलगी सुटली, मिनिटभरात दिसेनाशी झाली, आणि मग हर्षाली सुटली.

थेंब पहिल्या वळणाच्या आधीच दिसले. हातभर. ती त्यांच्या मागे राहिली. दुसरं वळण, तिसरं. घड्याळाकडे तिने पाहिलं नाही. चौथ्या वळणावर थेंबांमधलं अंतर दोन हात झालं.

तिच्या पायांनी ते तिच्या आधी ओळखलं. पायडल जड लागेनासं झालं, पाठ वाकली. पुढे कुणाची पाठ नव्हती, तरी पाठ दिसल्यासारखं वाटत होतं. घामाने चिकटलेला सदरा, हलणारी पेटी. थेंब पुरुषभर अंतरावर गेले. आणखी चार पायडल मारली तर तो हाताला लागेल, अशी तिची खात्री पटली. कुणी तिला बोलावत नव्हतं, आणि तेच फार वाईट होतं. तो नुसता पळत होता, एकटाच.

हर्षालीने दात आवळले आणि श्वास पुन्हा हातभर अंतरावर आणला. थेंब तिच्यापासून लांब गेले, आणखी लांब, आणि कोपऱ्याआड नाहीसे झाले. तिला रडू आलं. चाल मात्र बदलली नाही.

पाचव्या वळणाच्या कठड्याला पाण्याची ओल होती. कुणी बसून नुकतंच उठावं एवढी. तिथून जाताना तिच्या पोटरीला गारवा लागला, बर्फाची पेटी उघडल्यावर लागतो तसा. तिने मान वळवली नाही. त्यापुढचा रस्ता कोरडा होता, आणि तिच्या पायांत अजून जोर होता. उरलेली दोन वळणं ती उभी राहून चढली.

ती तिसरी आली. चौथीच्या पुढे, चार सेकंदांनी.

वेळ नोंदवणारा नौशाद ओरडत आला, “मॅडम, झालं! तिसऱ्या!” हर्षाली सायकलवर डोकं टेकवून उभी होती. गोटीराम सावकाश तिच्याजवळ आला. त्याने नंबर विचारला नाही.

“लांबले का?”

“लांबले, बाबा. मी जाऊ दिलं त्यांना.”

“वरडला का तो मागनं?”

“नाही. आवाजच नव्हता.”

गोटीरामने मान हलवली. तिच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला आणि तो उताराला लागला. “बाबा, जीप आहे की!” नौशादने हाक मारली. गोटीरामने मागे न बघता हात हलवला, नको म्हणून.

घाट बंदच होता. सगळा रस्ता मोकळा होता. तरी तो दरीकडच्या अगदी कडेने चालत होता, डोंगराकडची आतली बाजू कुणासाठी तरी राखून ठेवल्यासारखी सोडून. शेजारच्याला गाठू द्यावं तसा मधेच जरा थांबायचा, आणि मग पुन्हा चालायचा.

“मधून चालायला काय झालं म्हाताऱ्याला?” नौशाद म्हणाला. “दरीत जाईल एखाद्या वेळी.”

मंडपातून लाउडस्पीकरवर हर्षालीचं नाव पुकारत होते. ती वरचा कठडा धरून उभी राहिली, आणि गोटीराम सहाव्या वळणाआड जाईपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिली.