अंबादासची चाळणी

अंबादास जाऊन सव्वा महिना झाला. त्या दिवशी संध्याकाळचे पाच वाजले असतील. मी हिंगोलीत मोंढ्याच्या रस्त्यावर हळदीच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रॅक्टरमागे अडकलो होतो आणि कौसावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे वारले. नदीत सापडले," एवढंच त्या म्हणाल्या. रडल्या नाहीत. सेनगावच्या वरच्या अंगाला, कयाधूच्या कोरड्या पात्रात जो एक डोह उरला होता त्याच्या काठी, बैल पाण्यावर आणलेल्या एका माणसाला तो बसल्या जागी कलंडलेला दिसला. शेजारी त्याची चाळणी पालथी पडलेली. हृदय बंद पडलं, उन्हाचं निमित्त झालं, असं डॉक्टरांनी सांगितलं. वैशाखात ऊन चढायच्या आत घरी ये, हे त्याला वहिनी सांगत होत्या, मी सांगत होतो. पण मी त्याला सांगायला हवी होती ती गोष्ट ही नव्हेच. ती मी सांगितली नाही, आणि म्हणून हा लेख लिहितो आहे.

वाचकांना अंबादास ठाऊक असण्याचं काही कारण नाही. आम्ही दोघं गोरेगावच्या शाळेत एका बाकावर होतो. मी पुढे शिकून हिंगोलीत भूगोलाचा मास्तर झालो आणि जन्मभर पोरांना न पाहिलेल्या डोंगरांची नावं पाठ करायला लावली. हा दहावीला आपटला, कुणाच्या तरी ओळखीनं हिरे शोधणाऱ्या एका पथकाबरोबर आंध्रात अनंतपूरच्या बाजूला रेती धुवायला गेला, आणि तीस-बत्तीस वर्षं तेच करत राहिला. सुटीवर आला की आमच्या ओसरीत बसून मला भूगोल शिकवायचा. हिरा जमिनीत फार खोल, आपण कल्पनाही करू शकत नाही इतक्या खोल तयार होतो. तिथून एखाद्या वेळी वितळलेला खडक उसळी मारून वर येतो, वाटेतलं सगळं फोडत, आणि येताना हिरे उचलून आणतो. गार झाला की त्या खडकाला किंबरलाइट म्हणायचं, आणि तो ज्या भोकातून आला त्याला पाइप. "गाजरावानी असतो बघ मास्तर, वर रुंद, खाली निमुळता. वरची माती पिवळी, खाली खणत गेलं का निळसर. अन् गंमत ऐक, धा पाइप सापडले तर नऊमधी हिराच नसतो." मी विचारायचो, मग शोधता कशाला? तो म्हणायचा, "आधी सापडला तर पायजे ना!"

हिरा कुणी थेट शोधत नाही, हेही मला त्याच्याकडूनच कळलं. शोधायचा तो त्याच्या सोबतीला आलेला लाल गार्नेट, डाळिंबाच्या दाण्याच्या रंगाचा पण थोडा जांभळट. पाइपच्या तोंडाची माती पावसानं वाहून नाल्यात येते, तिच्याबरोबर हे दाणे येतात. म्हणून नाल्याच्या वळणावरची रेती घ्यायची, चाळणीत घालून पाण्यात गोल हलवायची, हलकं वर आणि कडेला, जड खाली आणि मध्ये. मग एका झटक्यात चाळणी गोणपाटावर पालथी करायची. भाकरीसारखी गोल चकती पडते, आणि तिच्या बरोबर मध्ये जड खनिजांचा काळा ठिपका. त्याला ते लोक डोळा म्हणायचे. त्या डोळ्यात लाल दाणे दिसले की वरच्या अंगाला चालायचं, दाणे वाढत जातात आणि मग एकाएकी संपतात. संपले तिथेच आजूबाजूला पाइप. आणखी एक खूण. दाणा लांबून वाहत आला असेल तर घासून गुळगुळीत होतो. अंगावर खरबरीत साल तशीच असेल तर समजायचं, मूळ जवळ आहे. अंबादासनं असाच एक पाइप एका शेताच्या बांधाजवळ शोधून दिला होता. खणला, निळी माती लागली, हिरा नाही. "पाइपला नंबर भेटला, आमाला चहा भेटला," असं तो सांगायचा आणि मोठ्यानं हसायचा. अहवालात साहेबांची नावं आली.

त्या पथकात एक कडक नियम होता. ज्या चाळणीनं पाइपची माती धुतली ती दुसऱ्या नाल्यावर न्यायची नाही, मोडून टाकायची. एका गड्यानं एकदा आळस केला, तीच चाळणी पुढच्या ओढ्यावर वापरली, आणि तिच्यातून पडलेल्या दाण्यांमागे अख्खी छावणी चार महिने धावली. अंबादासनं त्या गड्याला कसं झापलं ते तो मला रंगवून सांगायचा. आणि याच अंबादासला निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी भेट काय दिली, तर मोडीत काढलेली चाळणी! त्याच्या त्या बिनहिऱ्याच्या पाइपवर वापरलेली. पितळी कडेवर सगळ्यांनी खिळ्यानं आपापली नावं कोरली होती, काही तेलुगूत, काही हिंदीत. तो ती कापडात गुंडाळून, मांडीवर घेऊन गावी आला. तारेच्या ब्रशनं घासली, सोडा लावून विहिरीवर धुतली, आठ दिवस उन्हात ठेवली. त्या माणसांवर मला आजही राग येतो. घड्याळ द्यायचं होतं, शाल द्यायची होती.

पुढच्या वर्षी पाऊस उघडल्यावर तो माझ्याकडे हिंगोलीला आला. सहज म्हणून कयाधूच्या पुलाखाली रेती धुतली होती म्हणे. खिशातून काडीपेटी काढली, मधली कागदाची घडी उघडली. पाच लाल दाणे. "मास्तर, साल बघ. कशी कोरी हाय. हे लांबून आल्याले न्हाईत." मी भूगोलाचा मास्तर, मी म्हटलं, अरे इथं सगळा काळा दगड, लाव्हारसाचा, थरावर थर. पाइप असला तरी तो त्याच्याखाली गाडलेला, तुझे दाणे वर कसे येतील? तो जागचा उठलाच. "पाइप खालून वर येतो का न्हाई? मंग काळा दगड काहून फोडणार न्हाई?" आम्ही दाणे भूगर्भशास्त्राच्या एका प्राध्यापकांना दाखवले. दाणे खरे आहेत, पाइपमधलेच आहेत, असं त्यांनी सांगितलं. मग ते स्वतःची चाळणी घेऊन दोनदा येऊन गेले. त्यांना काहीच मिळालं नाही. "वळणाची रेती घेतली न्हाई त्यांनी," अंबादास म्हणाला. त्या दिवशी काडीपेटी देवघरात गेली, आणि वहिनी रोज तिला हळदीकुंकू वाहू लागल्या.

त्यानंतर तो नदीचाच झाला. गोरेगावहून जीपनं सेनगाव, तिथून पायी. पावसाळा सोडला तर आठवड्यातून तीन-चार दिवस. रविवारी मी सोबत. पुलापासून एकेक वळण धुत तो वर सरकत होता. वहीत तीन रकाने आखलेले: जागा, डोळा, लाल दाणा. पहिल्या वर्षी कधी तीन, कधी दोन. मग एक. मग कित्येक दिवस काहीच नाही आणि अचानक एक. त्याच्याच नियमानं दाणे वाढायला हवे होते, ते आटत चालले होते. हे मला दिसत होतं, म्हणजे त्याला दिसत नसेल असं कसं म्हणू? पण तो पुराला दोष द्यायचा, वाळू उपसणाऱ्यांना शिव्या घालायचा. गावात लोक थट्टा करायचे. "काय अंबादासराव, हिऱ्याचं कुठवर आलं?" हा शांतपणे सांगायचा, "येऊन राहिला." एकदा मला म्हणाला, "मास्तर, मला हिरा नको. पाइप सापडला का कागदावर माझं नाव लावायचं, बस. गोरेगावचा अंबादास." एवढंच हवं होतं त्याला. एका ओळीत मावेल एवढं.

एका दिवाळीत मी त्याच्या घरी फराळाला गेलो होतो. तो आत चहाचं सांगायला गेला. चाळणी ओसरीत खुंटीला होती, मी उगाच हातात घेतली, नावं वाचायला म्हणून उन्हात धरली. जाळी जिथं कथील वितळवून पितळी कडेला झाळलेली होती तिथली झाळ एका बाजूनं उकलली होती, जेमतेम केसाएवढी फट. आणि त्या फटीत लाल काहीतरी चमकलं. नख घातलं तर एक दाणा निघून तळहातावर आला. खरबरीत, अंगावर साल तशीच. लांबून वाहत न आलेला... तो कुठल्याच नदीतून वाहत आलेला नव्हता, अनंतपूरहून चाळणीतच बसून आला होता. फटीत आणखी होते. आतून त्याचा आवाज येत होता, वहिनींना सांगत होता, "यंदा सेनगावच्या वर जातो बघ, तिथंच हाय ते." मी दाणा पुन्हा फटीत ढकलला आणि चाळणी खुंटीला लावली. चहा आला, मी चहा प्यायलो. चकल्या चांगल्या झाल्यात म्हणालो.

मी तेव्हाच का बोललो नाही, याची पुष्कळ कारणं मी स्वतःला दिली आहेत. त्याचं मन मोडेल. वहिनी काडीपेटीला कुंकू वाहतात. चालणं तब्येतीला चांगलं. सगळी खोटी. खरं एवढंच की त्याच्या तोंडाकडे बघत ते सांगायची मला भीती वाटली. वर्गात पोरांच्या चुका लाल शाईनं दाखवण्यात मी उभा जन्म घालवला, आणि एका माणसाची एक चूक मला दाखवता आली नाही. फाल्गुनात एकदा धीर करून नदीकाठी म्हटलं, "अंबादास, चाळणी जुनी झाली रे. नवी घे एखादी."

"काहून?" त्यानं विचारलं. कडेवरच्या नावांवरून अंगठा फिरवला. "यात माझी माणसं हायेत."

"तसं नाही. झाळ उकललीय जरा."

त्याचा अंगठा थांबला. "मास्तर, तुला काय म्हणायचं हाय?"

"काही नाही," मी म्हणालो. "सहज."

त्यानंतर तीन वर्षं आम्ही चाललो. त्याची एक सवय होती, चाळणी पालथी केली की स्वतः आधी बघायचा नाही, जरा बाजूला सरकायचा आणि म्हणायचा, "बघ मास्तर." मी वाकून बघायचो. या तीन वर्षांत माझ्या डोळ्यांना लाल काही दिसलं नाही. मी म्हणायचो, "आज नाही दिसत." तो म्हणायचा, "व्हय," आणि वहीत काही तरी लिहायचा. रविवार सोडून बाकीच्या दिवसांत काय सापडलं हे मी कधी विचारलं नाही. फटीतला एखादा दाणा पडला असेल आणि तो मला आनंदानं दाखवेल, याचीच मला धास्ती होती. त्याला धाप लागायची, काठी लागली, वळणं लहान लहान होत गेली. तरी आम्ही दोघं नदीत उभे राहून एका रिकाम्या डोळ्याकडे बघत होतो.

तेराव्यानंतर वहिनींनी चाळणी आणि वही माझ्यापुढे ठेवली. "तुमीच न्या भाऊजी. मला आता घरात पाहवत न्हाई." मी चाळणी घेतली आणि बोट आपोआप त्या फटीकडे गेलं. फट नव्हती. कडेभर नवी झाळ, जाड, हातानं घासून सारखी केलेली. मी विचारलं, ही केव्हा केली?

"तीन सालं झाली. तुमी दोघं फाल्गुनात नदीवर गेल्ते बघा, ते आले अन् जेवले न्हाईत. ओसरीत सुई घेऊन बसले, त्या कडेतून काय काय टोकरत. दुसऱ्या दिवशी बाजारात नेली अन् झाळून आणली." त्यांनी देवघराकडे बोट केलं. "अन् ती काडीपेटी देवातून काढली. मी म्हनलं, काहून? तर म्हनले, ते आपलं न्हाई. दुसरीकडचं हाय."

म्हणजे त्याला कळलं होतं. माझ्या त्या "काही नाही"मधूनच कळलं होतं, आणि मला ठाऊक होतं हेही कळलं असणार. मी वही उघडली. फाल्गुनातल्या त्या दिवसापुढे एक आडवी रेघ मारलेली, आणि त्याखाली पानामागून पान. जागा, डोळा, आणि तिसऱ्या रकान्यात त्याच्या वळणदार अक्षरात एकच शब्द: नाही. नाही. नाही. रविवारचे आणि इतर दिवसांचे सारखेच. तीन वर्षांत एकही दाणा नाही. स्वच्छ चाळणीतून जे निघालं तेच त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं, आणि तरी चालत राहिला. का, हे मला सांगता येत नाही. स्वच्छ चाळणीनं तरी काही निघेल असं वाटलं असेल. किंवा त्याला दुसरं काही येत नव्हतं. किंवा मी रविवारी येतच होतो, म्हणून तोही येत होता... हा विचार मी पुरता करू शकत नाही. मी त्याच्यापासून लपवत होतो आणि तो माझ्यापासून, आणि नदीत काहीही नव्हतं.

शेवटच्या पानावर शेवटची ओळ आहे. जागा: सेनगावच्या वर, डोहाचं वळण. डोळा: बरा पडला. तिसरा रकाना कोरा. त्या डोळ्यात लाल काही आहे का, हे त्या दिवशी कुणी वाकून पाहिलंच नाही. बाजूला सरकून तो कुणाला "बघ" म्हणणार? रविवार नव्हता. त्याला उचलायला आलेल्या चार माणसांचे पाय त्यावर पडले असतील.

चाळणी आता माझ्या ओसरीत खुंटीला आहे. वही टेबलावर. काल सकाळी मी चष्मा पुसला, पेन उघडलं आणि त्या कोऱ्या रकान्यात "नाही" असं लिहिलं. त्याला सांगायचा राहून गेलेला शब्द तोच होता. सगळ्या पानांत तेवढंच अक्षर वेगळं दिसतं.