चादरीचं दुसरं टोक

चादर अर्धी घडी घालून झाली होती. दोन टोकं झोपायच्या खोलीच्या दाराच्या कडीत अडकवलेली, दोन तिच्या हातात. डबल बेडची चादर एकटीने आवरायची म्हणजे अशी काहीतरी युक्ती करावीच लागते. नाहीतर हनुवटीखाली दाबा, पोटाशी धरा, आणि शेवटी जमिनीवर लोळवून पुन्हा धुवायला टाका.

"हं, लंबे, खेच जरा," ती कडीला म्हणाली. "झोपलीस की काय?"

लंबी म्हणजे तिची इस्पितळातली जोडीदारीण. एकतीस वर्षं दोघी एकाच वॉर्डात आया होत्या. ही बुटकी, ती ताडमाड. पेशंट अंथरुणात असतानाच त्याच्या खालची चादर बदलायची, हे त्यांचं रोजचं काम. त्याला कुशीवर वळवायचं, मळकी चादर गुंडाळत पाठीपर्यंत न्यायची, तिच्यामागोमाग धुतलेली पसरत जायची, मग दुसऱ्या कुशीवर. हिसका बसता कामा नये. हात इतके सरावलेले, की कामाबद्दल एक शब्द बोलावा लागत नसे. त्यामुळे दोघी बाकीचं सगळं बोलत.

लंबी जाऊन चार वर्षं झाली. नवरा त्याआधीच गेलेला. मुलगा परगावी, आपल्या संसारात. बोलायची सवय तेवढी कुठे गेली नाही.

सकाळी पूजेला बसली की सांगण्यासारखं असेल ते ती देवाला सांगे. देव ऐकतो, यात तिला तिळमात्र शंका नव्हती. पण देव मध्येच "मग?" म्हणत नाही. लंबी म्हणायची. म्हणून उरलेला दिवस लंबीचा.

बेल वाजली. चादर तशीच लोंबत सोडून तिने दार उघडलं. खालच्या मजल्यावरची सून होती.

"मावशी, रागावू नका हं. सासूबाईंनी पाठवलंय. मंगळवारी तुम्ही सांगत होतात ना, वॉर्डातल्या त्या हेडमास्तरीण बाई चादर बदलूच देत नव्हत्या, मग तुम्ही दोघींनी त्यांना वळवलं... आणि तिथेच थांबलात. गादीखाली काय होतं?"

मंगळवारी त्या क्षणाला दूध उतू गेलं होतं, ते हिला आठवलं. पण ती गोष्ट तिने घरात एकटी असताना लंबीला सांगितली होती, दुसऱ्या कुणाला ती ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

सुनेने अगदी सहज सांगितलं, रेडिओबद्दल सांगावं तसं. दोन्ही घरांच्या न्हाणीघराच्या खिडक्या एकाच बोळकांडीत उघडतात. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांची खाट त्याच भिंतीला आहे. दीड वर्ष. वरचा शब्द न् शब्द खाली उतरतो.

काय होतं ते नीटसं आठवत नाही, असं काहीतरी पुटपुटून तिने दार लावून घेतलं आणि मोरीच्या दगडावर बसली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. इमारतीत तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की मुलगा रोज संध्याकाळी फोन करतो, नवं घर झालं की मला घेऊन जाणार आहे, माझी खोलीसुद्धा ठरली आहे. खरं म्हणजे फोन रविवारी यायचा, चार-पाच मिनिटांचा. आणि गेल्याच महिन्यात त्याने चाचरत सांगितलं होतं, की ती खोली मुलांच्या अभ्यासाला लागेल, तू समजून घे. तिने घेतलं. फोन ठेवल्यावर मात्र लंबीला सगळं सांगितलं, भांडी घासत, मोठमोठ्याने, खिडकी सताड उघडी टाकून.

म्हणजे खाली माहीत होतं. जिन्यात भेटल्यावर ती सुनेला खोलीच्या रंगाबद्दल सांगायची, तेव्हाही माहीत होतं. आणि सुनेने मान डोलावून ऐकून घेतलं होतं.

तिने खिडकी लावून घेतली आणि तोंडाला कुलूप घातलं. एक दिवस गेला, दोन गेले. न बोलता काम केलं की कामं लवकर संपतात, हे तिला नव्यानेच कळलं. संपल्यावर करायचं काय, ते कळेना. रविवारी फोन आला. मुलगा म्हणाला, आवाज बसलाय का तुझा? ती म्हणाली, थोडासा. काळजी घे म्हणाला. कडीला लोंबणारी चादर तिने तशीच ओढून खुर्चीवर टाकली होती. ती चार दिवस तिथेच. तिच्याकडे पाहिलं तरी थकवा यायचा.

चौथ्या दिवशी सून पुन्हा आली. या वेळी हसत नव्हती.

"सासूबाईंचा निरोप आहे. त्यांना हल्ली नीट बोलता येत नाही, एवढं सांगायला अर्धा तास लागला. म्हणाल्या, तिला सांग, मी कुणाला काही सांगत नाही. सांगायला माझ्याकडे तरी कोण येतंय."

तिने खुर्चीवरची चादर उचलली आणि दोन टोकं सुनेपुढे केली.

"धर. खेच. अगं, अंगाशी नाही, लांब उभी राहा."

चादर सपकन ताणली गेली. टोकाला टोक मिळालं. सुनेला घडी घालता येत नव्हती, पण धरता येत होतं.

"सासूची चादर कोण बदलतं?" हिने विचारलं.

सून खाली पाहत म्हणाली, यांना सुट्टी असली की दोघं मिळून उचलतो. आठवड्यातून एकदा. एकटीने होत नाही, सासूबाईंची पाठ लाल झालीय.

"उचलतात का कधी माणसाला? पोतं आहे का ते?" घडी झालेली चादर तिने काखेत मारली. "गादीखाली चमचे होते. अकरा. वॉर्डातले चमचे चोरले म्हणून महिनाभर लंबीवर आळ होता. पण तू सांगू नकोस त्यांना. मी सांगेन."

गुडघे कुरकुरत होते. अठरा पायऱ्या उतरायच्या, पुन्हा अठरा चढायच्या. सून पुढे गेली. हिने न्हाणीघरात जाऊन खिडकी उघडली, पायात चपला सरकवल्या आणि किल्ली घेतली. खाली जाऊन सासूबाईंची चादर बदलायची होती.