ब्रेडचं सूप आणि खालच्या काकू

आमच्या क्वार्टरच्या खालच्या मजल्यावरच्या काकू दारावरची बेल कधी वाजवत नाहीत. जिन्यातूनच बोलायला लागतात आणि वाक्य संपेपर्यंत माझ्या स्वयंपाकघरात पोचलेल्या असतात. ब्रेड हे आजाऱ्याचं खाणं, धडधाकट माणसानं पोळी खावी, असं त्यांचं मत आहे. आणि एकदा दिलेलं मत त्या मागे घेत नाहीत.

नव्या रायपुरात जानेवारीचा वारा अडवायला काही नाही. त्या दिवशी मी टोमॅटो, लसूण आणि भरपूर मिरी उकळून त्यात शिळा ब्रेड कुस्करत होते. दाट सूप होत आलं होतं.

"काहून वो ताई, ताप आला का?" काकूंनी माझ्या कपाळाला हात लावला.

"ठणठणीत आहे मी. थंडीचं सूप आहे हे."

"मग ब्रेड काहून टाकून राहिल्या?"

मी वाद घातला नाही, वाटी भरून हातात दिली. त्यांनी चवीपुरता एक चमचा घेतला आणि मग उभ्याउभ्या वाटी संपवली.

"आजाऱ्याले ठीक आहे," एवढं बोलून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी जिन्यातून कण्हण्याचा आवाज आला. काकू कानांना मफलर गुंडाळून आल्या आणि ओट्याजवळच्या स्टुलावर बसल्या. मी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. अगदी थंडगार होतं.

"मले कालपासून कणकण वाटून राहिली," त्या म्हणाल्या. मग शालीखालून स्टीलचा मोठा डबा काढून ओट्यावर ठेवला.

"अन् आमच्या ह्यायलेही."