जवाबाची जागा

संस्कृत शिकवणाऱ्या माणसाने पस्तिशीत क्लॅरिओनेट हाती घ्यावी, यात आमच्या अमरावतीच्या गल्लीला हसण्याजोगे पुष्कळ होते. म्हणून मागच्या खोलीच्या भिंतींना मी गोधड्या टांगल्या आणि दार लावून, कोणाही गुरूविना, पुस्तकावरून वाजवू लागलो. पुढे मेहुण्याने मुंबईहून एक जुना टेपरेकॉर्डर आणून दिला. पाळण्याच्या रिकाम्या कडीला मायक्रोफोन टांगून मी स्वतःचे वादन मुद्रित करी, ऐके आणि खजील होई. वस्तऱ्याच्या पात्याने फीत कापून जोडण्याची कलाही तिथेच साधली.

"आता गोधड्यायले बी सूर समजत असन," पत्नी म्हणे.

रविवारी मी अकोल्याला जाई. तिथे लग्नात वाजवणाऱ्या एका बँडची तालमीची खोली होती. क्लॅरिओनेटची पेटी मांडीवर घेऊन मी कोपऱ्यात बसे आणि ती न उघडताच परते. म्हातारे बँडमास्टर दर वेळी विचारीत, "वाजवता का, गुरुजी?" मी दर वेळी घसा बसल्याचे सांगे. क्लॅरिओनेटला घशाची गरज नसते, हे दोघांनाही ठाऊक होते.

एका उन्हाळ्यात मास्टरांचे वरचे पुढले दात हलू लागले. ते काढल्यावर त्यांची क्लॅरिओनेट तोंडात ठरणे कठीण होते. नवरी निघताना वाजवायची एक धून त्यांनी स्वतः बांधली होती. ती संपूर्ण अशी त्यांनाच येत होती. दात जाण्यापूर्वी ती फितीवर यावी, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि यंत्र असलेला त्यांच्या ओळखीचा माणूस मी एकटाच होतो. लगीनसराईमुळे बाकीची मंडळी गावोगावी गुंतलेली. शिवाय ढोल-कर्ण्यांचा आवाज माझ्या मायक्रोफोनला झेपणारा नव्हता. मास्टर एकटेच माझ्या घरी आले. संध्याकाळी वीज मंदावली की रीळही मंदावे, म्हणून भर दुपारी आम्ही मुद्रण केले.

आठवडाभर मी ती फीत शुद्ध करीत होतो. प्रत्येक ओळीनंतर मास्टर थांबले होते. वय झाले, दम पुरत नाही, असे समजून मी त्या शांततेच्या पट्ट्या आदरपूर्वक कापून टाकल्या आणि ओळीला ओळ जोडली.

पुढच्या रविवारी ते पुन्हा माझ्याकडे आले आणि त्यांनी ती मान खाली घालून ऐकली.

"सूर माहेच आहेत, गुरुजी. पण मांडव खाली झाल्यावानी वाटून राहिलं."

"काय कमी आहे?"

"मले सांगता येत नाही. अन् बुधवारी तर दात काढून राहिले."

ते अंगणात चहा घ्यायला गेले. मी कापलेल्या पट्ट्या टेबलावर ओळीने मांडल्या. दमलेल्या माणसाची विश्रांती लांबत जायला हवी होती. या पट्ट्या मात्र जवळजवळ सारख्या लांबीच्या होत्या, आणि ती लांबी नेमकी एका ओळीएवढी होती. तेव्हा मला तालमीची खोली आठवली. मास्टर ओळ वाजवून थांबत आणि सगळा बँड तीच ओळ परत वाजवी. त्याला ते जवाब म्हणत. मी कापले होते ते मास्टरांचे थकणे नव्हते. दुसऱ्यांनी वाजवायची जागा होती.

ती जागा भरायला त्या दुपारी घरात दुसरे कोणी नव्हते.

'मी वाजवतो' हे शब्द तोंडातून निघेनात. मी नुसती पेटी उघडली. मास्टर दारात येऊन उभे राहिले.

"म्हंजे यात क्लॅरिओनेट हाये तर. आमाले वाटलं, डबा हाये."

मी कोरी फीत चढवून यंत्र सुरू केले. त्यांनी खुर्ची सारली आणि उभ्यानेच सुरुवात केली. पहिला जवाब माझा बेसूर गेला. त्यांनी डोळे न उघडता तीच ओळ पुन्हा वाजवली. दुसऱ्यांदा मी तिच्याजवळ पोहोचलो. पुढे मी त्यांच्या बोटांकडे असा पाहत राहिलो की यंत्राकडे लक्षच गेले नाही. शेवटची ओळ त्यांनी संपवली, मी जवाब दिला आणि मागे संपलेल्या फितीचे टोक फडफडताना ऐकू आले. त्यांची ओळ फितीवर आली होती. माझा शेवटचा जवाब राहिला होता.

"पुन्हा करू या," मी म्हणालो.

त्यांनी रुमालाने ओठावरचे रक्त टिपले. "माहं झालं, गुरुजी. तुमचं तुमी पाहा."

दात काढल्यानंतरच्या रविवारी मी यंत्र अकोल्याला नेले. बँडची मंडळी जमिनीवर बसून ऐकत होती. मास्टर भिंतीला टेकले होते. त्यांचा वरचा ओठ आत गेला होता. फितीवर त्यांची शेवटची ओळ संपली आणि फडफड सुरू झाली. मी यंत्र बंद केले. मास्टरांनी माझ्याकडे पाहिले.

"बसला का घसा?" ढोलवाल्याने विचारले.

मी पेटी उघडली, वाद्याच्या तोंडाची पत्ती जिभेने ओली केली आणि उभा राहिलो.